सहा टाक्यांची सुखवंतीबाई

संडासाची साखळी ओढली आणि पाणी आलं नाही, तर माणूस काय करतो? पुन्हा ओढतो. तिसऱ्यांदा दातओठ खाऊन ओढतो. मग साखळी तुटून हातात येते आणि माणूस ती खिडकीत ठेवून गुपचूप निघून जातो. चांद्याच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात मी हे इतक्या वेळा पाहिलं, की खिडकीत साखळी दिसली की मी कुणाला काही न विचारता सुखवंतीबाईला शोधायला निघायची.

"टाकी काईतरी सांगून राह्यली जी," ती म्हणायची. "ते कोनी ऐकत नाई. वरून तिचाच कान पिळते."

चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी नागपूरला नर्सिंग शिकून नुकतीच तिथं लागले होते. दोन वॉर्ड, वीस खाटा, एक मोठ्या डॉक्टरीणबाई, आम्ही चार नर्सा, आणि कचेरीत एक हेडक्लार्क. त्यांना लहानथोर सगळे बाबूजी म्हणत. बाळंतिणी यायच्या सावली-चामोर्शीकडच्या धानकरी घरांतून, बैलगाडीत भाताच्या तणसावर निजून. कधीकधी गडचिरोलीच्याही पलीकडच्या जंगलगावांतून यायच्या. त्यांना पोचायला दोन दिवस लागत. सुखवंतीबाई ही दवाखान्याची झाडूवाली. मेहतर वस्तीत राहायची. तिची माणसं दोन पिढ्यांपूर्वी उत्तरेकडून आलेली, त्यामुळे घरात हिंदी आणि बाहेर अस्सल चांद्याची बोली. उंच, वाळकी, चाळिशीची. कागदावर तिचं काम झाडू-पोछा एवढंच होतं. पण दवाखान्याच्या सहा फ्लशच्या संडासांचं दुखणंखुपणं तीच बघायची, आणि ते कुठल्याही कागदावर नव्हतं.

तिची तपासणी ठरलेली असे. आधी दाराशी उभी राहून, डावा डोळा बारीक करून ऐकायची. पाणी सारखं झिरपतंय का, टाकी भरताना सुस्कारते का, की अगदीच मुकी आहे. मग एक बादली भरून आणायची आणि सगळं पाणी एकदम भांड्यात ओतायची. भसकन निघून गेलं, तर भांडं निर्दोष. दुखणं वर टाकीत. पाणी तुंबून हळूहळू उतरलं, तर टाकीकडे बघायचंसुद्धा नाही. दुखणं खाली, भांड्याखालच्या वाकड्या नळीत. त्या नळीला ती 'मान' म्हणायची. "मानेत अटकलं हाये," म्हणून बांबूची लांब कमची घेऊन बसायची.

"लोकं वरचं दुखनं खाली शोधते, आनि खालचं वर," ती मला म्हणाली होती. "म्हनून आधी बादली. बादली खोटं बोलत नाई."

टाकी उंच भिंतीवर, बिडाची. आत तांब्याचा एक पोकळ गोळा तरंगायचा. पाणी भरत आलं की तो वर यायचा आणि नळ बंद व्हायचा. सुखवंतीबाई त्याला भोपळा म्हणायची. भोपळ्याला भोक पडलं की तो पाणी पिऊन बुडतो, नळ बंदच होत नाही आणि बाहेरच्या भिंतीवर दिवसभर धार लागते. ती तो काढून कानाशी हलवायची, आत पाणी खळखळलं की कल्हईवाल्याकडून डाग लावून आणायची. टाकी अर्धीच भरत असेल तर भोपळ्याची दांडी जराशी वर वाकवायची, बस. नळाच्या आतली चकती झिजली तर जुन्या चपलेच्या चामड्यातून नवी कापायची. चांद्याचं पाणी क्षाराचं. भांड्याच्या काठाखालची भोकं बुजून जायची आणि पाणी एकाच बाजूनं यायचं. सुखवंतीबाई ती भोकं बाभळीच्या काट्यानं एकेक करून मोकळी करत बसायची, तोंडानं काहीतरी गुणगुणत.

हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी लागण्याच्या वर्षभर आधीपर्यंत दवाखान्यात टोपलीचे संडास होते. मागच्या गल्लीतून पत्र्याची झडप उघडायची, खालची टोपली ओढायची, डोक्यावर घ्यायची आणि वस्तीबाहेर नेऊन रिकामी करायची. ते काम सुखवंतीबाईचं. तिच्या आधी तिच्या सासूचं. पावसाळ्यात टोपली गळायची. याच्यापुढे तिनं मला कधी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग कुणा देणगीदाराच्या कृपेनं सहा फ्लश बसले. नागपूरचा मिस्त्री पंधरा दिवस राहिला. सुखवंतीबाईला शिडी धरायचं काम होतं. तिनं शिडी धरली आणि वर बघत राहिली. मिस्त्री गेला, महिनाभरात तीन टाक्या बंद पडल्या. कचेरीनं नागपूरला पत्र टाकलं. उत्तर यायला वीस दिवस लागले, आणि ते वीस दिवस टोपली पुन्हा तिच्या डोक्यावर आली.

"एकविसाव्या दिवशी मीच शिडी लावली," ती सांगायची. "मिस्त्रीची वाट मी काऊन पाहू? त्याच्या डोक्यावर थोडीच होती?"

त्या दिवशी तिनं तीनही टाक्या चालू केल्या. दोन तासांत एक, असं काहीतरी. त्यानंतर मात्र एकही टाकी दिवसभराच्या वर बंद राहू दिली नाही. सहाही टाक्यांचे स्वभाव तिला पाठ होते. तीन नंबरची रुसकी, पाच नंबरची उधळी, एक नंबरची गरीब.

जंगलगावांतल्या बायका या संडासांना फार भ्यायच्या. एकदा एक गोंड बाळंतीण आली, तिच्यासोबत म्हातारी सासू. त्यांनी पहिल्यांदा साखळीचा आवाज ऐकला आणि दोघी वॉर्डातून थेट अंगणात. परत आत यायला तयार नाहीत. बरोबरच्या माणसानं सांगितलं, म्हातारी म्हणते, भिंतीत काहीतरी आहे. आमच्यातली एक नर्स हसली. सुखवंतीबाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग शिडी आणली, म्हातारीचा हात धरून तिला चार पायऱ्या चढवलं, टाकीचं झाकण उघडलं आणि आत बघायला लावलं. म्हातारी बराच वेळ बघत होती. तिनं एक बोट बुडवलं. "येर," ती म्हणाली. येर म्हणजे पाणी. मग खाली सुनेकडे बघून मोठ्यानं, "येर! येर!" आणि हसायला लागली. पुढचे सहा दिवस गरज असो नसो, म्हातारी साखळी ओढून यायची.

याच बायकांनी पानं वापरून भांड्यात टाकली की मान तुंबायची. सागाचं पान असलं तर दोन-दोन तास लागायचे. आम्ही चिडायचो. सुखवंतीबाई कधी चिडली नाही. "त्याइच्या गावी पान मातीत जाते, माती होते. इथी नाई होत. त्यात त्याइचं काय चुकलं?" म्हणून तिनं प्रत्येक संडासात एक डबा ठेवला, आणि आलेल्या प्रत्येक बाईला तो हाताला धरून दाखवायची.

आता मला ते सांगायचं आहे, जे मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नाही.

एका उन्हाळ्यात वॉर्डात जुलाब सुरू झाले. आधी तिघींना, मग सातजणींना. सावलीकडच्या एका बाईचं नऊ दिवसांचं बाळ सुकत चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकघर धुवून घेतलं, दूध बदललं, फरक नाही. त्याच दिवसांत संडासही विचित्र वागायला लागले. दोन नंबरची साखळी ओढली की चार नंबरच्या भांड्यात पाणी डबडबायचं, आणि सगळीकडे घाण वास. सुखवंतीबाईनं बादली ओतून पाहिली. पाणी जात होतं. टाक्या उघडून पाहिल्या, ठीक होत्या. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून औषधाची रिकामी बाटली मागून घेतली, पाण्यानं भरली आणि माझ्यासमोर उलटी केली.

"कशी डबडब करते पाहा. तिले हवा पायजे. हवा भेटली नाई का पानी असं गचके खाते. छपरावर जो हवेचा पाइप गेला हाये ना, त्याचं तोंड बुजलं असन."

तिनं बाबूजींना विचारलं. बाबूजी वाईट माणूस नव्हते. गरीब बाळंतिणीच्या बाळाला गुंडाळायला त्यांनी स्वतःचं धोतर फाडून दिलेलं मी पाहिलं आहे. पण ते म्हणाले, "छपरावर पाण्याची टाकी आहे. तू चढायचं नाहीस. मिस्त्री येईल."

पिण्याचं पाणी त्याच टाकीतून यायचं. विहिरीवरचा पंप सकाळी ती टाकी भरायचा, आणि तिथून वॉर्डाचे नळ, माठ, सगळं.

मिस्त्री येईल म्हणजे काय, हे सुखवंतीबाईला ठाऊक होतं. दुपारी, उन्हानं सगळे आडवे झालेले असताना ती चढली. पाइपाच्या तोंडात साळुंकीचं घरटं होतं, रिकामं. तिनं ते काढलं. उतरताना तिला दिसलं, की पाण्याच्या टाकीचं पत्र्याचं झाकण वानरांनी सरकवलं आहे आणि वास येतो आहे. तिनं जवळ जाऊन वाकून पाहिलं. आत कबुतर मरून पडलं होतं, बहुतेक आठ दिवसांचं.

मी ड्रेसिंगच्या खोलीत कापूस कापत होते. ती दारात येऊन उभी राहिली. घामानं निथळत होती.

"सिस्टर, वरच्या टाकीत कबुतर मेलं हाये. त्याच्यानंच हे जुलाब."

"तू वर गेली होतीस?"

"गेली होती. टाकीले हात नाई लावला. पाह्यलं फक्त." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमी पाह्यलं असं सांगजा डॉक्टरीनबाईले. मी सांगितलं तं लोकं कबुतर सोडतीन आनि माह्याच मागं लागतीन."

मला आज ते काही क्षण स्पष्ट आठवतात. मी विचार केला, मी छपरावर का गेले म्हणून विचारतील. विचार केला, बाबूजींना खरं कळलं तर. माझी नोकरी जेमतेम दोन वर्षांची. घरी धाकट्या बहिणी. यातलं काहीही मी तिला बोलले नाही. मी म्हटलं, "मी कशी छपरावर चढेन? कोण विश्वास ठेवेल?" आणि पुन्हा कापूस कापायला लागले.

तिनं पदरानं घाम पुसला. मग गेली. मला वाटलं, गेली ती गेली, आता संध्याकाळी काहीतरी मार्ग काढू.

चार वाजता डॉक्टरीणबाईंचा राउंड असे. बाळंतिणी, त्यांच्या आया-सासवा, बाबूजी, आम्ही नर्सा, सगळे वॉर्डात. सुखवंतीबाई झाडू भिंतीला टेकवून मधोमध येऊन उभी राहिली.

"वरच्या टाकीत मेलेलं कबुतर हाये जी. ते पानी कोनाले देऊ नका. मी छपरावर चढली होती, तवा पाह्यलं."

एक म्हातारी ओरडली, "हे टाकीपाशी गेली होती? आमी तेच पानी पेऊन राह्यलो?" आणि गलका उठला. कबुतराचं नाव कुणी घेईना. दोन कुटुंबांनी तर त्याच पावली गाड्या जुंपायला सांगितलं. डॉक्टरीणबाई मात्र सरळ जिन्याकडे गेल्या, वर चढल्या आणि खाली येऊन म्हणाल्या, "ती खरं सांगते आहे. टाकी रिकामी करा."

टाकी रिकामी झाली, धुतली, औषध टाकून भरली. तीन दिवसांत जुलाब थांबले. सावलीचं बाळ वाचलं. पण दुसऱ्या दिवशी बाबूजींनी लोकांच्या समाधानासाठी म्हणून टाकी पुन्हा रिकामी करून धुवून घेतली, आणि संध्याकाळी तिसऱ्यांदा.

सुखवंतीबाई अंगणात उभी राहून ते वाहून जाणारं पाणी बघत होती. "कबुतरासाठी एक डाव," ती कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाली, "आनि माह्यासाठी दोन डाव."

आठवड्यात हुकूम निघाला. तिनं वॉर्डात यायचं नाही. मागच्या कर्मचारी-चाळीचं काम करायचं. वॉर्डासाठी दुसरी बाई नेमली. हुकमावर डॉक्टरीणबाईंची सही होती. त्यांनी ती कशी केली असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. लोकांनी दवाखान्यात यायचं थांबवू नये, हे त्यांचं कारण असणार, आणि ते खोटं नव्हतं.

कर्मचारी-चाळीत अजून टोपलीचेच संडास होते. आणि त्या चाळीत मी राहत होते.

पहिल्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीत झडपेचा आवाज आला, तेव्हा मी चहा घेत होते. टोपली ओढल्याचा आवाज, मग काही क्षण शांतता, मग पावलं. तो आवाज मी आधीही रोज ऐकत होते. तेव्हा कुणी दुसरी बाई असायची आणि मी चहा पीत असायची. त्या दिवशी चहा गेला नाही.

वॉर्डातल्या टाक्या पंधरा दिवस टिकल्या. मग तीन नंबर, मग पाच, मग मान तुंबली. मिस्त्री आला, एक साखळी बदलून गेला. शेवटी एका सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः चाळीच्या मागच्या गल्लीत आल्या. मी स्वयंपाकाच्या खिडकीत होते.

"सुखवंती, वॉर्डात ये. तुझ्याशिवाय होत नाही."

सुखवंतीबाईनं टोपली खाली ठेवली. "येतो. पन हे बंद करा जी आधी. इथीही फ्लश बसवा. मंग येतो."

"ते एकट्या माझ्या हातात नाही. दवाखान्याच्या मंडळाची मंजुरी लागते."

"मंग तिथचं तरी एकट्या माह्या हातात काऊन हाये?"

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. "कागद देते," म्हणाल्या. "लिहून."

"लिहून द्या."

कागद आला. सुखवंतीबाईला वाचता येत नव्हतं. ती तो घेऊन माझ्या दाराशी आली. पुढच्या दाराशी. "वाचून दाखवा, सिस्टर. जसं हाये तसं."

मी वाचलं. पावसाळ्याआधी चाळीत दोन फ्लशचे संडास बांधण्यात येतील. सुखवंतीबाईला वॉर्डात परत घेण्यात येत आहे. तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. कागद घडी करून कनवटीला लावला. ती वळणार, तेवढ्यात मी म्हटलं, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "बोलल्या असत्या तं बरं झालं असतं." मग म्हणाली, "पानी तं साफ झालं ना."

ती समजूत नव्हती आणि टोमणाही नव्हता. तिनं जे होतं ते सांगितलं. मी तिला त्या दिवसापासून सुखवंतीबाई म्हणायला लागले. त्याआधी नुसतं सुखवंती म्हणायची. तिच्या ते लक्षात आलं की नाही, कळलं नाही.

संडास पावसाळ्याआधी झाले नाहीत. दिवाळी उलटल्यावर झाले. मधले सगळे महिने ती सकाळी चाळीत आणि मग आंघोळ करून वॉर्डात. दर पंधरवड्याला ती तो कागद घेऊन कचेरीच्या दारात उभी राहायची, काही न बोलता. शेवटी शेवटी बाबूजी तिला लांबून बघूनच म्हणायचे, "लिहिलंय, लिहिलंय." चाळीतल्या टाक्या बसवताना मिस्त्री शिडीवर होता आणि ती खालून सांगत होती, "दांडी थोडी खाली घ्या जी. असं ठेवलं तं पानी वरून वाहून जाईन." मिस्त्रीनं आधी ऐकलं नाही. मग पाणी वाहून गेलं. मग ऐकलं.

पाच वर्षांनी माझी बदली सावलीला झाली. निघायच्या सकाळी मी तिला दवाखान्यात शोधलं, ती नव्हती. शहराच्या नव्या वस्तीत तेव्हा पक्की घरं उठत होती, घरात फ्लश असायचे, आणि बिघडले की लोक दवाखान्यात तिची चौकशी करत यायचे. सुट्टीच्या दिवशी ती जायची. मी सामान सायकलरिक्षात घालून बसथांब्याकडे निघाले.

वाटेत एका नव्या घराच्या पुढच्या पायरीवर ती बसलेली दिसली. शेजारी पिशवी आणि बांबूची कमची. दारात घरची बाई उभी होती, अर्धं दार लोटून.

"मागच्या गल्लीनं ये म्हटलं ना मी," ती बाई म्हणत होती. "मागे दार आहे."

मी रिक्षा थांबवली.

"मागची गल्ली टोपलीची हाये बाई," सुखवंतीबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी टोपली घेऊन नाई आली. तुमच्या घरची टाकी पाहाले आली. पाहाची असन तं पाहातो, नाई तं जातो."

बाईनं दार लोटून घेतलं. सुखवंतीबाई बसूनच राहिली, गुडघ्यावर हात ठेवून, रस्त्याकडे बघत. तिनं मला पाहिलं आणि मान हलवली, जशी वॉर्डात येता-जाता हलवायची. मला उतरून तिच्याकडे जावंसं वाटलं, पण ती मला बोलावत नव्हती.

आतून कुण्या पुरुषाचा आवाज आला, मग भांड्यांचा. चार-पाच मिनिटं गेली असतील. मग दार उघडलं, या वेळी पूर्ण, आणि बाई एका बाजूला झाली.

सुखवंतीबाई उठली. लुगडं झटकलं, पिशवी काखेत घेतली, कमची उचलली. पायातल्या वहाणा काढून पायरीवर नीट जोडून ठेवल्या, सगळे पाहुणे ठेवतात तशा, आणि उंबरा ओलांडून आत गेली.

"चलू का बाई?" रिक्षावाला म्हणाला. "बस सुटन."

मी म्हटलं, "चल."